पश्चिमेकडचं प्रस्थान

"दुबई नेमकी कुठल्या दिशेला येते गं, हेमा?" आण्णांनी विचारलं.

मी काट्याला बॅग लटकवून वजन बघत होते. "पश्चिमेला. किंचित उत्तरेकडे झुकून."

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर असली उत्तरं तोंडातून आपोआप निघतात. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती, तर मी सरळ "माहीत नाही" म्हणून मोकळी झाले असते.

आण्णा म्हणजे माझे सासरे. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. मिरजेच्या एसटी स्टँडवर त्यांनी पस्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या आणि मिनिटाचाही उशीर झाला की ड्रायव्हरला फैलावर घ्यायचं. निवृत्तीनंतर गाड्या राहिल्या नाहीत, तेव्हा ते मला फैलावर घ्यायला लागले. घरात आम्ही दोघंच. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक केतकी लग्न होऊन दुबईला गेली होती.

कोरोनाचं ते दुसरं वर्ष. केतकीचं पहिलंच बाळंतपण, बाळ आडवं असल्यामुळे ऑपरेशन बुधवारी ठरलेलं. जावई निशिकांत भला माणूस, पण त्याला आईवडील नाहीत आणि बाळंतपणातलं ओ की ठो कळत नाही. मी दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा विमानंच बंद झाली. आता तिसरं तिकीट हातात होतं. शुक्रवारी केतकी फोनवर म्हणाली, "आई, मी कोणाला सांगत नाही, पण मला भीती वाटते. तू बाहेर बसलेली असलीस ना, की मी आत जाईन." त्यानंतर विमान नसतं मिळालं तर मी पोहत गेले असते.

पण पोहून जाणाऱ्यालाही तेव्हा नियम चुकले नसते. विमान सोमवारी दुपारी चारचं. नाकातला नमुना त्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिलेला हवा. म्हणजे शनिवारी चारच्या आधी दिला तर शिळा, आणि फार उशिरा दिला तर रिपोर्ट हातात पडायचा नाही. रिपोर्टवर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड हवा, पासपोर्टचा नंबर हवा. मुंबईच्या विमानतळावर आणखी एक झटपट चाचणी. दुबईला उतरल्यावर तिसरी, आणि तिचा निकाल येईपर्यंत एका खोलीत बसून राहायचं, कोणाचं तोंड बघायचं नाही. मी सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. आण्णांनी तो कागद भिंग लावून वाचला आणि म्हणाले, "आमच्या वेळी नुसतं तिकीट लागायचं."

मग त्यांनी तेच भिंग भिंतीवरच्या कॅलेंडरला लावलं, आणि पंचांग नावाच्या तिसऱ्या देशाचा एक नियम आमच्यात येऊन बसला.

"सोमवारी अमावास्या आहे."

"असू दे की."

"असू दे कसं? अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकायचं?"

"आण्णा, पस्तीस वर्षं दर अमावास्येला तुम्ही गाड्या सोडल्यात. जत, विजापूर, पणजी. माइकवरून ओरडून ओरडून सोडल्यात."

"ते महामंडळाचं होतं," आण्णा म्हणाले. "तू घरची आहेस."

मी काट्यावरची बॅग खाली उतरवली.

निघणं टळत नसेल तर त्यावरही आमच्याकडे तोड आहे. तिला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आदल्या चांगल्या मुहूर्तावर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वस्तू गाठोड्यात बांधायची, जायच्या दिशेला जो शेजारी असेल त्याच्या घरी नेऊन ठेवायची आणि प्रवास सुरू झाला असं मानायचं. मग खरोखर निघाल्यावर वाटेत ते गाठोडं उचलायचं. माणूस जातो अमावास्येला, पण हिशेबाने निघालेला असतो त्रयोदशीलाच. वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला आवडावी अशीच ही पळवाट. मी म्हटलं, ठेवा. माझा एखादा रुमाल न्या.

शनिवारी साडेचारला दवाखान्यात नमुना दिला. त्या मुलीने काडी इतकी आत घातली की गेल्या जन्मीचं आठवलं. घरी आले, पर्स ओसरीवरच्या टेबलावर ठेवली आणि तडक आंघोळीला गेले. त्या दिवसांत बाहेरून आलेलं माणूस आधी न्हाणीघरातच जायचं. बाहेर आले तेव्हा आण्णा टोपी काढून आरामखुर्चीत बसले होते, पाचची गाडी पाचला सोडल्यासारखे.

"सहा-दहाचा मुहूर्त साधला," ते म्हणाले.

रविवारी सकाळी नऊला मोबाइलवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह. रिपोर्टवरचा नंबर पासपोर्टशी ताडून बघावा म्हणून पर्स उघडली, तर पासपोर्ट नाही. पर्स पालथी केली. बॅगा उपसल्या. फ्रिजसुद्धा उघडून पाहिला.

"काय शोधतेस?" आण्णांनी विचारलं.

"पासपोर्ट."

"तो निघालाय की काल."

मी मटकन बॅगेवर बसले. आण्णांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. पूर्वी प्रस्थानात पागोटं ठेवायचे. का? तर पागोट्याशिवाय माणूस गावाबाहेर पडत नसे. रुमालाशिवाय तू दुबईला जाऊ शकतेस. कशाशिवाय जाऊ शकत नाहीस? फ्रिजवर तुझ्याच अक्षरात लिहिलंय, सगळ्यात वर.

"अहो, पण कोणाकडे ठेवलात?"

"पश्चिमेला कोण राहतं आपल्या? यासीन."

यासीन सतारमेकर आमच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे. चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनवणारं घर. खाली कारखाना, वर यासीन आणि त्याची बायको रेहाना यांचं बिऱ्हाड. कारखान्यात छताला हे मोठाले वाळके भोपळे टांगलेले, आणि आण्णा रोज सकाळी तिथे जाऊन, कोणी न विचारता, कुठल्या भोपळ्याचा आवाज चांगला लागेल ते सांगणार. म्हणजे काही हरवलं नव्हतं. तीस पावलांवर होतं. मी हसले, चपला सरकवल्या आणि निघाले.

यासीनच्या दाराला आडवा बांबू होता. बांबूला लाल पट्टी, पट्टीशेजारी महापालिकेचा कागद, आणि कागदाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसलेली आरोग्यसेविका.

वरच्या गॅलरीत यासीन आला. तोंडाला मास्क, डोळ्यांत ओशाळं हसू.

"वहिनी, कालपासून रेहानाला वास येईना. सकाळी रिपोर्ट आला. दोघांनाही आत बसवलंय."

"बरी आहे ना ती?"

"ती मजेत आहे. कालच्या बिर्याणीला वास नव्हता त्याचा दोष मला देत होती, आता तेवढा बंद झालाय."

"यासीनभाई, आण्णांचं गाठोडं?"

"खाली कारखान्यातच आहे, भोपळ्यात ठेवलंय. आण्णा म्हणाले, जिवापाड जप. माझ्या घरात भोपळ्यापेक्षा जपलेलं दुसरं काय आहे?"

मी आरोग्यसेविकेकडे वळले आणि ओळखलं. शालन. दहावी 'ब', खिडकीजवळचा बाक. माझा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

"घरातलं काही बाहेर यायचं नाही, बाई," शालन म्हणाली. "चौदा दिवस."

"शालन, अगं उद्या माझं विमान आहे. लेकीचं बाळंतपण आहे बुधवारी."

"बाई, भूगोलाच्या पेपरला मला पाच मिनिटं उशीर झाला होता. तुम्ही दारात उभी केली होती."

"तो शाळेचा नियम होता."

"ह्यो पण नियमच हाय की."

मी तिला रिपोर्ट दाखवला, व्हिसा दाखवला, अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब सांगितला. तिने सगळं नीट वाचलं आणि मोबाइल परत दिला. "तुमचे अठ्ठेचाळीस तास तिकडच्या लोकांचे. माझे चौदा दिवस महापालिकेचे. मी काय करू सांगा."

मी आमच्या पायरीवर येऊन बसले. मला रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. दोन वर्षं सगळ्या जगाने दारं लावून घेतली होती, ती एकेक करून उघडली, आणि शेवटी अडकले ते गल्लीच्या पलीकडे. आण्णा काठी टेकत आले. मास्क नेहमीसारखा हनुवटीवर.

"तुमच्या मुहूर्तापायी झालं हे," मी म्हटलं. "पोर तिकडे एकटी आत जाईल आता."

लग्न झाल्यापासून मी त्यांना इतकं लागेल असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मास्क नाकावर चढवला आणि सावकाश गल्ली ओलांडून शालनच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"पोरी, आत आमचं प्रस्थान आहे."

शालनने पेन खाली ठेवलं. "प्रस्थान? बाई तर पासपोर्ट म्हणतात."

"पासपोर्ट त्याच्या आत आहे. ठेवलंय ते प्रस्थान."

"कधी ठेवलं?"

"काल सहा-दहाला. त्रयोदशी होती."

शालन माझ्याकडे वळली आणि चांगलीच रागावली. "मग आधी सांगायचं न्हाई का, बाई? कागद काय, दुसरा काढता येतो. प्रस्थान अडवलं म्हणजे निघालेला माणूस वाटेत अडवला. ते पाप माझ्या माथी कशाला?"

तिने तिच्या साहेबांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "न्हाई साहेब, घरातली वस्तू न्हाई. शेजाऱ्यांची, ठेवायला दिल्याली. खाली कारखान्यात हाय, पेशंट वर. हां. प्रस्थान साहेब. व्हय, अमावास्या हाय की उद्या." मग साहेबांनी परवानगी दिली. अटी चार: दार उघडायचं नाही, औषध फवारायचं, दोन तास कडक उन्हात ठेवायचं. आणि कोणाच्याही घरात न्यायचं नाही, थेट प्रवासी घेऊन जाईल.

दार उघडायचं नाही म्हटल्यावर यासीनने भोपळाच वर नेला. त्याच्या पोटात गाठोडं, गळ्याला सुती दोर. गॅलरीतून भोपळा खाली यायला लागला आणि आण्णांना पस्तीस वर्षांपूर्वीचा कंठ फुटला. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे. जरा डावीकडं घे. येऊ दे, येऊ दे. बस्स." गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. भोपळा बांबूच्या अलीकडे अलगद टेकला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

शालनने फवारलं. गाठोड्याची गाठ सोडून आतलं सगळं आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात मांडलं: तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि मधोमध पान उघडून ठेवलेला भारत सरकारचा पासपोर्ट. तांदळाच्या वासाने दोनदा शेळी आली. आण्णा काठी घेऊन दोन तास तिथून हलले नाहीत.

बाराच्या सुमारास मी गाठोडं पुन्हा बांधलं आणि घराकडे वळले.

"कुठं निघालात?" शालन म्हणाली. "घरात न्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"तेच सांगतो मी," आण्णा म्हणाले. "उचललेलं प्रस्थान माघारी येत नाही. निघ आता."

"आत्ता? मी उद्या पहाटे निघणार आहे."

"बॅगा भरल्यात ना?"

महापालिका आणि पंचांग यांचं इतकं एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं. माझ्या बाजूला कोणीच नव्हतं. गाडीवाल्याला फोन केला. तो जेवण अर्धं टाकून आला. सांगलीहून नणंद संध्याकाळी यायची ती आण्णांसाठी दुपारीच हजर झाली. आण्णांनी माझ्या बॅगा स्वतः ओढत बाहेर आणल्या, कारण उंबरा ओलांडायला मला बंदी होती.

गाडीत बसण्याआधी मी नमस्काराला वाकले, तर ते दोन पावलं मागे सरले. "लांबून. नियम आहे."

मग खिडकीशी येऊन, रस्त्याकडे बघत म्हणाले, "दिनकर सोलापूरला निघाला तेव्हा मी म्हटलं होतं, प्रस्थान ठेवू. तो हसला. मग मीही हसलो."

दिनकर म्हणजे माझे यजमान. सोलापूरच्या वाटेवर त्यांच्या छातीत कळ आली होती. नऊ वर्षांत आण्णा हे एकदाही बोलले नव्हते. सकाळी मी त्यांना काय बोलले ते मला आठवलं आणि मान वर करवेना.

"आण्णा," मी म्हटलं, "पोचले की फोन करते."

"वेळेवर कर," ते म्हणाले, आणि गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. एसटी सोडायची ती त्यांची खूण.

सोमवारी सकाळी मी विमानतळाजवळच्या लॉजवर चहा पीत होते, तेव्हा गाडीवाल्याचा फोन आला. तो रातोरात परत निघाला होता. "मॅडम, घाटात टँकर आडवा झालाय. पहाटेपासून मुंबईकडं एक गाडी सरकली नाही." मी पहाटे निघाले असते तर त्या रांगेत बसून अठ्ठेचाळीस तास मोजत असते. हे मी आण्णांना आजतागायत सांगितलेलं नाही. आज ते अठ्ठ्याऐंशीचे आहेत, आणि हे कळलं तर मला भाजी आणायलासुद्धा प्रस्थान ठेवावं लागेल.

विमानतळावरच्या झटपट चाचणीची रांग झटपट नव्हती. निकालाची वाट बघताना मला रेहाना आठवली, भोपळा आठवला, आणि घशात खवखव होतेय असं उगीचच वाटायला लागलं. पण माझं नाव पुकारलं गेलं, निगेटिव्ह. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला. त्याला औषधाचा वास येत होता, एका पानावर हळदीचा डाग होता, आणि पान उलटताच टेबलावर तांदळाचा दाणा पडला. त्याने दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

दुबईला उतरले, तिसरी काडी नाकात घालून घेतली. निशिकांतने गाडीच्या चारी काचा खाली करून मला घरी आणलं. निकाल सकाळी येणार होता. तोवर मी माझ्या खोलीत आणि बाकीचं घर दाराबाहेर. केतकी बोळाच्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती. आधी मला तिचं पोट दिसलं, मग ती. मास्कवरचे डोळे तेवढे ओळखीचे.

"आई, दमलीस?"

"तू आधी बस," मी म्हटलं आणि आत जाऊन दार लावलं, कारण आणखी क्षणभर तिथे थांबले असते तर नियम मोडला असता. ती दारापलीकडे खुर्ची टाकून बसली. दोन वर्षांनी भेटलेल्या मायलेकी लाकडाशी बोलत होतो.

तेवढ्यात आण्णांचा फोन आला.

"पोचलीस?"

"पोचले. केतकीही छान आहे."

"हेमा, माझी चूक झाली." त्यांचा आवाज खाली आला होता. "आत्ता भिंग घेऊन पुन्हा बघितलं. अमावास्येच्या त्या काळ्या गोलाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय माहीत आहे? पिठोरी."

मी पलंगावर बसले. श्रावणातली ही अमावास्या लेकुरवाळ्या बायकांची. दरवर्षी संध्याकाळी मी पाटावर बसायचे, खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरायचे, आणि मागे न बघता विचारायचे, अतीत कोण? अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागे उभ्या असलेल्या लेकराने आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. केतकी "मी केतकी" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायची. ती सासरी गेली आणि मी पिठोरी करणं सोडलं. मागे कोणी नसताना विचारायचं कोणाला?

"ज्या दिवशी आईनं लेकराकडे जायचं, त्या दिवसाला मी वाईट म्हटलं," आण्णा म्हणाले. "दोन दिवस तुला पळवलं. आता तू तुझं कर. आणि त्यात मागं वळून बघायचं नसतं, म्हणजे तुझ्या त्या कागदावरच्या नियमातही बसेल."

खीर नव्हती, पुरी नव्हती. बाळंतपणासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा होता. मी हात धुतले, ताटलीत दोन लाडू ठेवले, मास्क घट्ट केला. दार वीतभर उघडलं, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि ताटली डोक्यावरून मागे धरली.

"अतीत कोण?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, जडपणे वाकताना घेतलेला श्वास ऐकू आला.

"मी केतकी," ती म्हणाली. गल्लीला नाही, फक्त मला ऐकू आलं. ताटली हलकी झाली.

मी हात खाली घेऊ लागले.

"थांब ना, आई. आणखी एकदा विचार."

"अतीत कोण?"

"नाव अजून ठेवलेलं नाही," ती मागून म्हणाली. "पण भूक लागलीय."

दुसरा लाडूही उचलला गेला. वळून बघण्याचा मोह अनावर होत होता, पण तो दोन्हीकडचा नियम होता. म्हणून मी रिकामी ताटली डोक्यावर तशीच धरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत पोटभर रडून घेतलं.